यादीतली सर्वांत स्वस्त गाडी
(फोर्ड मॉडेल ए रोडस्टर: प्रस्तावना)

2 डिसेंबर 1927 रोजी फोर्ड कंपनीने नवी मॉडेल ए गाडी अमेरिकेतल्या लोकांपुढे आणली. तिच्या दरपत्रकात सर्वांत कमी किंमत रोडस्टरची होती: 385 डॉलर. वाहतूक आणि किरकोळ जोडसामान वेगळं. त्याच इंजिनाची, त्याच चाकांची, पण पक्कं छप्पर आणि काचा असलेली दोन दारांची ट्यूडर 495 डॉलरला होती. म्हणजे फोर्डच्या हिशेबात डोक्यावरच्या पक्क्या छपराची, खिडक्यांच्या काचांची आणि आतल्या अस्तराची किंमत 110 डॉलर होती आणि ज्याला ती परवडत नव्हती किंवा नको होती, त्याच्यासाठी रोडस्टर होती. फोर्डच्या कारखान्यात तेव्हा रोजची किमान मजुरी 6 डॉलर होती. कामगाराने एक पैसाही खर्च न करता सुमारे 64 दिवस काम केलं, तर कागदावर तरी गाडी त्याची झाली.

उघडी गाडी म्हटलं की आज आपल्याला चैन आठवते. सिनेमातला नायक, समुद्राकाठचा रस्ता, वगैरे. 1927 साली गोष्ट उलटी होती. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या बहुतेक मोटारी तोवर बंद झाल्या होत्या. मिशिगनच्या हिवाळ्यात कापडी टपाखाली बसून कामावर जाण्यात कुणालाच मौज वाटत नव्हती. रोडस्टर घेणारा माणूस एकतर तरुण असे, किंवा शेतकरी, किंवा दारोदार हिंडणारा विक्रेता, किंवा नुसताच काटकसरी. तीच गाडी आज जुन्या मोटारींच्या बाजारात ट्यूडरपेक्षा जास्त भावाने जाते. ज्या गोष्टीसाठी तेव्हा पैसे कापले जात होते, तिच्यासाठीच आता पैसे मोजले जातात. ही उलथापालथ कशी झाली, हा या पुस्तकाचा विषय आहे. मंदी त्या कथेच्या मधोमध आहे.

रोडस्टर म्हणजे नेमकं काय, हे आधीच सांगितलेलं बरं, कारण जुन्या गाड्यांविषयी बोलताना हा शब्द कसाही वापरला जातो. पुढे एकच लांब बैठक, दोघांसाठी, फार तर तिघांनी दाटीवाटीने बसण्यासाठी. वर घडी होणारा कापडी टप. दारांना वर-खाली होणाऱ्या काचा नाहीत. पाऊस आला तर गाडी थांबवायची, सीटमागून बाजूचे पडदे काढायचे आणि बटणांनी अडकवायचे. तोवर भिजायचं. याच मालिकेतली कॅब्रिओलेटही वरून उघडते, पण तिला वर सरकणाऱ्या काचा आहेत आणि म्हणून ती महाग होती. रोडस्टरच्या मागच्या बाजूला सामानाचा कप्पा असे, किंवा जादा पैसे दिले तर झाकण उघडून दोघांना बसता येईल अशी डिकी-सीट. तिथे बसणाऱ्यांवर टपाचीही छाया नसे. पुढच्यांशी बोलायचं तर ओरडावं लागे. तरीही तरुण मंडळींची त्या जागेसाठी भांडणं होत असत, यात नवल नाही. वडीलधारे पुढे आणि आपण मागे, एवढी सोय दुसऱ्या कुठल्या गाडीत होती?

ही गाडी आली ती हेन्री फोर्डच्या इच्छेने नव्हे, नाइलाजाने. मॉडेल टी 1908 पासून चालली होती आणि दीड कोटी गाड्या झाल्यावरही तिच्यात मूलभूत बदल करायची म्हाताऱ्याची तयारी नव्हती. तोवर जनरल मोटर्सची शेव्हरोले दरवर्षी थोडी अधिक देखणी, थोडी अधिक आरामशीर होत गेली. शिवाय ती हप्त्यांनी मिळत होती. फोर्डला कर्जावर गाडी विकणं पसंत नव्हतं. कंपनीने स्वतःची पतसंस्था काढली ती 1928 मध्ये. मुलगा एडसेल बापाच्या मागे लागून लागून थकला होता. अखेर मे 1927 मध्ये दीड कोटीवी मॉडेल टी बाहेर पडली आणि तिचं उत्पादन थांबलं. त्यापुढचे काही महिने फोर्डकडे विकायला नवी गाडीच नव्हती. कारखान्यातली हजारो यंत्रं बदलायची होती. डेट्रॉइटमधले हजारो कामगार त्या काळात घरी बसले. शेअर बाजार कोसळायला अजून दोन वर्षं होती, पण त्या शहराने बेकारीची चव आधीच घेतली होती. अमेरिकेच्या मंदीचा इतिहास ऑक्टोबर 1929 पासून सुरू करणाऱ्यांच्या हे लक्षात राहत नाही.

लोकांचं कुतूहल मात्र विलक्षण ताणलं गेलं. गाडी जाहीर होण्याआधी सलग पाच दिवस देशभरातल्या सुमारे 2000 वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती झळकल्या. नंतर विक्रेत्यांच्या दारांत गर्दी आवरेना. गाडीला निळा, करडा, वाळूसारखा असे रंग होते. मॉडेल टी कित्येक वर्षं फक्त काळ्या रंगात मिळत होती, हे लक्षात घेतलं की या रंगांचं अप्रूप कळतं. दिसण्याचं श्रेय एडसेलचं. त्याने लिंकन या कंपनीच्याच महागड्या गाडीच्या रेषा लहान करून मॉडेल ए वर बसवल्या. हेन्रीने त्या कामात फारशी ढवळाढवळ केली नाही. यंत्र मात्र त्याने दुसऱ्या कुणाच्या हाती सोपवलं नाही, आणि म्हणूनच गाडीचा चेहरा 1928 चा आणि हाडं त्याहून जुनी, असं एक गंमतशीर मिश्रण तयार झालं.

ती हाडं पाहू. चार सिलिंडरचं, 200.5 घनइंचांचं, म्हणजे साधारण 3.3 लिटरचं इंजिन, 40 अश्वशक्तीचं. मॉडेल टीच्या दुप्पट. व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला, वर फक्त सपाट हेड. दाब इतका कमी की हलकंसलकं पेट्रोलही चालावं. पेट्रोलचा पंप नाही. टाकी डॅशबोर्डच्या पुढेच, बसणाऱ्यांच्या गुडघ्यांवर, आणि तिथून पेट्रोल आपल्या वजनाने कार्ब्युरेटरमध्ये उतरतं. किती उरलं ते टाकीवर बसवलेल्या काट्यातच दिसतं. आजच्या सुरक्षेच्या नियमांत ही मांडणी क्षणभर टिकणार नाही, पण बिघडण्यासारखं त्यात काही नाही, हेही खरं. इंजिनात तेलाचा पंप आहे, मात्र प्रत्येक बेअरिंगपर्यंत दाबाने तेल नेणारी वाट नाही. पंप तेल वर चढवतो, तिथून ते खाली झिरपतं, आणि कनेक्टिंग रॉडच्या बुडाला असलेल्या पळ्या ते चेंबरभर उडवतात. बेअरिंगं कथलाच्या मिश्रधातूची, रॉडमध्ये आणि ब्लॉकमध्ये वितळवून ओतलेली. म्हणून ही गाडी ताशी 65 मैलांपर्यंत जाऊ शकत असली, तरी त्या वेगाने तासन्‌तास दामटवली तर बेअरिंग धरणार हे नक्की. ताशी 40-45 मैलांवर ती कुरकुर न करता दिवसभर चालते.

गिअर तीन, सिंक्रोमेश नाही. वरून खालच्या गिअरमध्ये यायचं तर डबल क्लच मारावा लागतो. ज्यांनी जुने ट्रक हाकले आहेत त्यांना हे सांगायला नको. स्टिअरिंगखाली दोन दांड्या आहेत. डावी ठिणगीची वेळ पुढे-मागे करते, उजवी हाताने पेट्रोल वाढवते. गाडी सुरू करताना डावी दांडी पूर्ण वर, म्हणजे ठिणगी उशिरा. उजवी थोडी खाली. चोक ओढायचा, पायाने स्टार्टरचं बटण दाबायचं. इंजिन लागलं की डावी दांडी खाली आणायची. सुरू करताना ती वर ठेवली नाही, तर इंजिन उलटा झटका देतं. ज्यांनी हँडल मारून गाडी सुरू केली त्यांच्या मनगटांना त्याचा अनुभव आला असेल. स्प्रिंगचे पाटे पुढे एक आणि मागे एक, दोन्ही आडवे. ही मॉडेल टीचीच पद्धत, हेन्रीचा हट्ट. तिच्यावर पडदा टाकायला चारही चाकांना हायड्रॉलिक शॉक अॅब्सॉर्बर दिले गेले, आणि स्वस्त गाडीसाठी ही मोठीच गोष्ट होती.

पुढची काच दोन थरांच्या मधे चिकट पापुद्रा असलेली, फुटली तरी तुकडे न उडणारी होती. ही काच मूळ आराखड्यात नव्हती. चाचणीच्या वेळी हॅरोल्ड हिक्स नावाच्या इंजिनिअरला अपघात झाला, तो काच फोडून बाहेर फेकला गेला आणि त्याचा हात चिरला. त्यानंतर सुरक्षित काच आली. 385 डॉलरच्या गाडीला ती काच आणि हजारो डॉलरच्या कित्येक गाड्यांना साधी, असं काही काळ चाललं. ब्रेकच्या बाबतीत मात्र फोर्डने मागे राहायचं ठरवलं होतं. चारही चाकांना ब्रेक, पण सळयांनी ओढले जाणारे. क्रायसलरने 1928 मध्ये आणलेल्या प्लिमथला तेलाच्या दाबावरचे ब्रेक होते. फोर्डने ते स्वीकारले 1939 च्या मॉडेलला. अकरा वर्षांच्या या आडमुठेपणाची किंमत किती अपघातांनी चुकवली, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही.

तर अशी ही गाडी, भरभराटीच्या काळात भरभराटीसाठी आखलेली. 1929 च्या जुलैत वीस लाखावी मॉडेल ए तयार झाली. ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. डिसेंबरात हेन्री फोर्डने धीर द्यायच्या हेतूने किमान मजुरी 6 वरून 7 डॉलरवर नेली आणि त्याचं भरपूर कौतुक झालं. पण दोन वर्षांत ती वाढ गेली आणि मग मजुरी आणखी खाली उतरली. 1929 मध्ये अमेरिकेत 44 लाखांवर प्रवासी मोटारी बनल्या होत्या. 1932 मध्ये बनल्या जेमतेम 11 लाख. 1931 मध्ये साध्या रोडस्टरची किंमत 430 डॉलर होती, म्हणजे पहिल्या दरपत्रकापेक्षा थोडी जास्तच, पण तरी यादीत तीच तळाला. तिच्याही खाली उतरायला फोर्डकडे जागा नव्हती. शेजारी पाहायचं तर त्याच काळात ड्यूझनबर्गच्या मॉडेल जे ची किंमत, बॉडी न बसवता नुसत्या सांगाड्याची, 8500 डॉलर होती. मंदीच्या काळातली अमेरिकन गाडी म्हणून कॅलेंडरांवर आणि संग्रहालयांत आपल्याला सहसा ड्यूझनबर्गच दिसते. तिच्या एका सांगाड्यात 1927 च्या भावाने 22 रोडस्टर आल्या असत्या.

नवी गाडी घेणारे आटले, पण असलेली गाडी सोडायला कुणी तयार नव्हतं. विनोदी वक्ता विल रॉजर्सने 1931 साली रेडिओवर सांगितलं होतं की गरिबांच्या आश्रमाकडे स्वतःच्या मोटारीतून निघालेलं जगातलं हे पहिलंच राष्ट्र असेल. इंडियाना राज्यातल्या मन्सी या गावाचा अभ्यास करणाऱ्या रॉबर्ट आणि हेलन लिंड या दांपत्यालाही हेच आढळलं. लोक कपडे, दागिने, घरातलं सामान यांच्यावरचा खर्च कापत होते, गाडी मात्र चालू ठेवत होते. आपल्याला हे विचित्र वाटू शकतं. पण ज्या देशात गावं एकमेकांपासून दूर, शेतं त्याहून दूर आणि काम शोधायला शंभर मैल जावं लागतं, तिथे गाडी गेली म्हणजे कामाची शेवटची आशा गेली. माझ्या मते मॉडेल ए ची खरी परीक्षा इथे झाली, शोरूममध्ये नाही. नवी गाडी घेता येत नाही तेव्हा जुनी किती काळ ओढता येते, हा प्रश्न होता. आणि हिचं उत्तर होतं: पाना, पक्कड, स्क्रूड्रायव्हर आणि थोडी अक्कल असेल तर पुष्कळ काळ. हेड काढायला गॅरेजची गरज नाही. व्हॉल्व्ह घासून बसवता येतात. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतून प्लगपर्यंत वायरी नाहीत, पितळेच्या पट्ट्या आहेत. त्या तुटल्या तर पत्रा कापून करता येतात. शेतकऱ्याने बैलाच्या खुराची काळजी घ्यावी तसा गाडीचा मालक तिची काळजी घेऊ शकत होता, आणि तिच्यावर हात चालवायला त्याला कंपनीची परवानगी लागत नव्हती.

या कथेत एक आठवडा असा आहे की तो टाळून पुढे जाणं मला प्रामाणिक वाटलं नाही. 7 मार्च 1932 रोजी हजारो बेकार कामगार डेट्रॉइटहून डिअरबॉर्नला, फोर्डच्या रूझ कारखान्यावर मोर्चा घेऊन गेले. काम, मजुरी, औषधपाणी अशा त्यांच्या मागण्या होत्या. पोलिसांनी आणि फोर्डच्या रखवालदारांनी गोळीबार केला. चार जण जागीच मेले, एक नंतर दगावला. दोनच दिवसांनी, 9 मार्चला, फोर्डची पहिली व्ही-8 गाडी जुळणी होऊन बाहेर आली. आठ सिलिंडरचं, 65 अश्वशक्तीचं इंजिन, आणि रोडस्टरची किंमत 460 डॉलर. स्वस्त गाडीत आठ सिलिंडर देणारा फोर्ड पहिला, हे खरं आहे. मोटारींवरच्या पुस्तकांत दुसरी तारीख असते, कामगार चळवळीवरच्या पुस्तकांत पहिली. एकाच पानावर दोन्ही मला क्वचितच दिसल्या.

मॉडेल ए तोवर संपली होती. चार वर्षांत सुमारे 48 लाख गाड्या. आता ती जुन्या बाजाराची गाडी झाली, आणि तिथे रोडस्टरला पुन्हा तळाचीच किंमत. कुटुंबाला ती नको होती, कारण मुलंबाळं बसणार कुठे? दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांना मात्र ती हवीच होती. पाऊस कमी, टपाची फिकीर नाही, आणि गाडी जितकी हलकी तितकी बरी. त्यांनी मडगार्ड काढले, टप फेकून दिला, काच कापली आणि लॉस एंजेलिसच्या उत्तरेला मोहावी वाळवंटात म्यूरॉकच्या कोरड्या तळ्यावर वेग मोजायला गेले. एड विनफिल्डचे कार्ब्युरेटर आणि कॅम, जॉर्ज रायलीची हेडं या साध्या इंजिनावर बसवून त्यांनी त्यातून फोर्डने कल्पनाही केली नसेल एवढी ताकद काढली. 1937 मध्ये या मंडळींच्या क्लबांनी एकत्र येऊन सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन केली. तिच्यात वॉली पार्क्स होते. तेच पुढे 1948 मध्ये सुरू झालेल्या 'हॉट रॉड' मासिकाचे संपादक झाले. त्या तळ्यांवर मान रोडस्टरला होता. छप्पर असलेल्या कूपेकडे सुरुवातीला नाक मुरडलं जाई. 1932 च्या सांगाड्यावर 1929 च्या रोडस्टरची बॉडी आणि आत व्ही-8, हा तिथला आवडता मेळ ठरला. अमेरिकन वेगवेडाचा पुढचा सगळा इतिहास या कापाकापीतून निघाला. पण त्यासाठी किती धडधाकट रोडस्टर कापल्या गेल्या हे आठवलं की मला हळहळ वाटते, आणि न कापलेल्या रोडस्टर आज महाग का, याचंही थोडं उत्तर मिळतं.

महाग, पण किती? ट्यूडरच्या तुलनेत महाग, एवढंच. युद्धापूर्वीच्या अमेरिकन गाड्यांत मॉडेल ए अजूनही सामान्य माणसाच्या आवाक्यातली मानली जाते. याचं कारण पुन्हा तेच: 48 लाख गाड्या आणि न संपणारे सुटे भाग. 1952 पासून तिच्या मालकांची राष्ट्रीय संघटना आहे, नंतर दुसरीही निघाली. कोणत्या महिन्यात कोणता बोल्ट कोणत्या आकाराच्या डोक्याचा होता, यावर तिथे वाद घालणारी माणसं आहेत. गॅस्केट, पाटे, टपाचं कापड, दिव्यांच्या कड्या, सगळं नवं मिळतं. ओहायोतली ब्रूकव्हिल ही कंपनी तर रोडस्टरची अख्खी पोलादी बॉडी नव्याने दाबून देते. त्यामुळे एखाद्या झळझळीत रोडस्टरमध्ये 1929 चं लोखंड किती, हे पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. याला कुणी फसवणूक म्हणतं. मी म्हणणार नाही, मालकाने विकताना खरं सांगितलं असेल तर. ही गाडी पहिल्यापासून भाग बदलत जगण्यासाठीच होती.

आपल्याकडेही ती होती. ब्रिटिश साम्राज्यातल्या बऱ्याच देशांना फोर्ड गाड्या कॅनडातून येत, उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या. फोर्ड कॅनडाच्या भारतातल्या उपकंपनीने 1926 पासून मुंबईत बस्तान बसवलं होतं. मुंबई-पुण्यातल्या जुन्या मोटारींच्या मेळाव्यांत आजही मॉडेल ए दिसते. पण भारतात ती कधीच गरिबाची गाडी नव्हती. इथे ती डॉक्टर, वकील, जमीनदार, संस्थानी अधिकारी यांच्या दारात उभी असे, आणि तिला ड्रायव्हर असे. त्यामुळे मंदीतली गाडी म्हणून तिची ओळख अमेरिकेतलीच आहे आणि पुस्तकही तिथेच राहतं. सोव्हिएत रशियाने 1929 च्या कराराने हीच गाडी गाझ-ए या नावाने 1932 पासून बनवली, तो भाग मोहक आहे, पण ती रोडस्टर नव्हती. त्याला इथे दोनच पानं मिळाली आहेत.

1932 ची व्ही-8 रोडस्टर हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे आणि त्यावर इंग्रजीत भरपूर लिहिलं गेलं आहे, म्हणून तिच्यावर इथे एकच प्रकरण आहे. यंत्राची प्रकरणं मेकॅनिकला प्राथमिक वाटतील आणि इतिहासाच्या वाचकाला किचकट. ती सोडून पुढे गेलं तरी धागा तुटणार नाही. ब्रेकचं प्रकरण मात्र कुणी गाळू नये. सळयांची लांबी आधी बरोबर करायची, मग प्रत्येक चाकामागचा चौकोनी डोक्याचा स्क्रू टक टक आवाज करत एकेक घर फिरवायचा आणि चारही चाकं सारखी धरतात का पाहायचं, हे ज्याला नीट जमतं त्याची मॉडेल ए थांबते. ज्याला जमत नाही त्याची थांबत नाही. रोडस्टर विकत घ्यायचा विचार असेल, तर ते प्रकरण पैसे देण्याआधी वाचा.